डिस्चार्ज बुकातली चूक आणि राहून गेलेलं मेडल: रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहावं

मी फौजेत क्लार्क होतो. नोकरीची शेवटची वर्षं रेकॉर्ड ऑफिसात गेली, म्हणजे तुम्ही गावाकडून जी पत्रं पाठवता ती टेबलावर फोडणाऱ्यांपैकी मी एक. आता सोलापुरात विजापूर रोडला राहतो. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडची माणसं कागदांची पिशवी घेऊन येतात आणि "साहेब, एवढं बघा की" म्हणतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

बहुतेक पत्रांत दीड पान लढाईची हकीगत असते आणि शेवटच्या ओळीत "तरी माझी नोंद व्हावी ही विनंती". वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल आदर वाटतो, पण हातात काही लागत नाही. त्याला चार गोष्टी हव्या असतात: आर्मी नंबर, कोणती नोंद, ती कोणत्या कागदात चुकली किंवा राहिली, आणि ती बरोबर काय हे कशावरून म्हणता. हकीगत नातवंडांना सांगा, पत्रात या चारच गोष्टी लिहा.

फौजेत काहीही घडलं, तरी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे ती गोष्ट नोंदवणारा लेखी आदेश, निघाल्याशिवाय कागदावर ते घडलेलं नसतं. लग्न, मूल, बदली, बढती, मेडल, सगळं या एका दारातून आत येतं. ऑर्डर निघाली की तिच्यावरून शीट रोलवर, म्हणजे तुमच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, नोंद चढते. शीट रोल रेकॉर्ड ऑफिसातच राहतो. तुमच्याकडे असतं ते डिस्चार्ज बुक, आणि ते घरी निघताना शीट रोल बघून भरलेलं असतं. म्हणजे नोंद तीन ठिकाणी गळू शकते. ऑर्डर निघाली, शीट रोलवर चढली, फक्त बुकात उतरवायची राहिली, हे सगळ्यांत सोपं प्रकरण. ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढली नाही, तर ऑर्डरचा नंबर शोधावा लागतो. आणि ऑर्डरच निघाली नसेल, तर नव्यानं क्लेम करून तो सिद्ध करावा लागतो. आपलं प्रकरण यातलं कोणतं, हे कळायच्या आधी "दुरुस्ती करा" असा अर्ज पाठवणं वाया जातं.

म्हणून पहिलं पत्र माहितीचं. शीट रोलची प्रत मागा. साध्या पत्राला उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं करायचा. त्यात "माझी नोंद का केली नाही" असं विचारू नका, कारण या कायद्याखाली कागद मिळतो, खुलासा मिळेलच असं नाही. "माझ्या शीट रोलची आणि अमुक मेडलच्या पार्ट टू ऑर्डरची प्रमाणित प्रत द्यावी" एवढंच लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. हे दुरुस्तीचं हत्यार नाही, फक्त कागद हातात आणायचा मार्ग आहे. दुरुस्तीचा अर्ज वेगळाच करायचा.

पत्र कुठं पाठवायचं

आपल्या जिल्ह्यातली पोरं सगळ्याच रेजिमेंट-कोअरमध्ये विखुरलेली आहेत. मराठा लाइट इन्फंट्री म्हटलं की बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशात सागर, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स खडकी. आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर, सिग्नल्स जबलपूर, ईएमई सिकंदराबाद, मेडिकल कोअर लखनौ. नौसैनिकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दजवळ चित्ता कॅम्पला, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीला सेना मुख्यालयात असतात. पेन्शन घेऊन नंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) गेलात, तर तिथला नंबर वेगळा आणि रेकॉर्ड केरळात कण्णूरला. अशा माणसांनी दोन्ही नंबर पत्राच्या वरच लिहावेत, नाहीतर पत्र दोन ऑफिसांमध्ये फिरत राहतं.

अर्ज आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, त्यांचं शिफारसपत्र जोडून पाठवा. थेट पाठवता येतो, नाही असं नाही. पण तुम्ही जिवंत आहात, अर्ज तुम्हीच केला आहे आणि जोडलेल्या प्रती खऱ्या आहेत, हे तिकडच्या क्लार्कला त्या शिक्क्यावरून कळतं. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), ओळखपत्र, आधार, पॅन, सगळं मूळ घेऊन जा. पोस्टानं मात्र झेरॉक्सच पाठवा. बुकात प्रत्यक्ष नोंद करायची म्हणून मूळ बुक मागवलं, तर आधी प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांचीसुद्धा, झेरॉक्स काढून ठेवा आणि बुक कार्यालयामार्फतच पाठवा. स्पीड पोस्टची पावती पीपीओला टाचून ठेवा.

भाषेबद्दल विचारतात. माहिती अधिकाराचा अर्ज कायद्यानं मराठीतही करता येतो, पण बेळगाव-खडकी सोडून इतर ठिकाणी तो वाचणारा मिळेलच असं नाही. फौजी हिंदीत लिहा, आपल्याला ती येतेच. माझा नमुना असा:

"विषय: 25वीं स्वतंत्रता जयंती मेडल की प्रविष्टि। मैं (नंबर, रैंक, ट्रेड, नाम) दिनांक … को भर्ती और दिनांक … को डिस्चार्ज हुआ। यह मेडल मेरी शीट रोल में दर्ज हो तो पार्ट टू ऑर्डर का नंबर और तारीख बताएँ और डिस्चार्ज बुक में प्रविष्टि करें। दर्ज न हो तो क्लेम के लिए कौन-से कागज़ चाहिए, यह लिखें।"

एका पत्रात एकच विषय. मेडल, बायकोचं नाव आणि पेन्शनची थकबाकी तिन्ही एका अर्जात घातली, तर तो तीन सेक्शनमध्ये फिरतो आणि कुठल्याच सेक्शनला तो आपला वाटत नाही.

मेडल: तारखेचं की जागेचं

मेडलांचे मी मनातल्या मनात दोन ढीग करतो. पहिला तारखेचा. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असणाऱ्यांना, पन्नासाव्याचं १५ ऑगस्ट १९९७ ला असणाऱ्यांना. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या दीर्घ सेवेची मेडलं सेवेच्या वर्षांवर. इथं भरतीची आणि डिस्चार्जची तारीख हाच पुरावा, आणि तो बुकाच्या पहिल्या पानांवरच छापल्यासारखा असतो. असा क्लेम करायला लाजू नका. पुष्कळ जण "आता या वयात काय" म्हणून सोडून देतात आणि मग नातू विचारतो तेव्हा हळहळतात.

दुसरा ढीग जागेचा. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, सैन्य सेवा मेडल आणि त्याच्या पट्टीवरचे जम्मू-काश्मीर किंवा हिमालयासारखे क्लास्प (कुठं सेवा केली ते दाखवणारी धातूची छोटी पट्टी), सियाचीन ग्लेशियर मेडल, कारगिलचे ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. तुम्ही ठरलेल्या काळात ठरलेल्या हद्दीत होतात, हे इथं दाखवावं लागतं. लोक अडतात ते इथंच. युनिट आघाडीवर होतं म्हणजे तुम्हीही होतात, असं रेकॉर्ड धरत नाही. त्या महिन्यांत तुम्ही ट्रेनिंग सेंटरला, कोर्सवर, हॉस्पिटलात किंवा लांब रजेवर असाल, तर युनिटच्या बाकी सगळ्यांना स्टार आणि तुम्हाला नाही, असं नियमानंच होऊ शकतं. उलट एखादा जवान दुसऱ्या युनिटला अटॅच, म्हणजे तात्पुरता जोडलेला, असतो, तिकडं लढतो, आणि ऑर्डर मात्र मूळ युनिटची निघते, तिच्यात त्याचं नाव नसतं. हे दुसरं प्रकरण लढवण्यासारखं असतं. शीट रोलमधल्या बदल्या आणि अटॅचमेंटच्या तारखा पेन्सिलीनं खुणा करून बघा. अटॅच कुठं होतात ते युनिटच्या नावासकट आणि महिन्यासकट लिहा, म्हणजे जुनी ऑर्डर शोधायला धागा मिळतो. सोबतच्या जवानाचं प्रतिज्ञापत्र, त्याचं नाव-नंबर असलेलं, जोडलं तर आधार होतो, पण एकट्या त्याच्यावर क्लेम उभा राहत नाही. घरच्या फोटोत छातीवर दिसणारी रिबनही पुरावा धरत नाहीत, कारण रिबन कुणीही कँटीनच्या बाहेरच्या टेलरकडून लावून घेऊ शकतो.

शौर्यपदकाचं खातं वेगळं. परमवीर चक्रापासून सेना मेडल आणि मेन्शन-इन-डिस्पॅचेसपर्यंतची नावं भारताच्या राजपत्रात येतात. त्यामुळे बुकात नोंद नसली तरी राजपत्राचं पान मिळालं की काम फत्ते. याद्या बहुधा २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या असतात, पण राजपत्राचा अंक पुढच्या तारखेचा असू शकतो, तेव्हा पुढचे काही महिने चाळा. लष्करप्रमुखांचं प्रशंसापत्र मात्र राजपत्रात नसतं. इथं आळस करू नका: शौर्यपदकाला दरमहा भत्ता आहे, महाराष्ट्र शासनाचं रोख अनुदान आहे, आणि दोन्हींसाठी नोंद आणि राजपत्र जुळावं लागतं. राज्याचं प्रकरण जिल्हा कार्यालयातून पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे जातं.

पेन्शन न घेता लवकर घरी आलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्यांचे सेवेचे कागद डिस्चार्जनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. उरतं ते लाँग रोल. त्यात थोडक्यात माहिती असते, पण ते कायम ठेवतात. उत्तरात "कागद नष्ट" आलं, तर लाँग रोलमधला उतारा मागा.

नावं आणि जन्मतारखा

सोलापुरात हे दुखणं जरा जास्तच. भरतीच्या मेळाव्यात परप्रांतीय क्लार्क, समोर आपला तेलुगू किंवा कानडी घरातला पोरगा, तो तोंडी सांगणार आणि हा कानाला लागेल तसं इंग्रजीत लिहिणार. ज्ञानेश्वर कुणी 'डी'नं लिहितो, कुणी 'जी'नं. आडनाव पुढं की मागं, याचाही नेम नाही. स्वतःच्या नावातलं एखादं अक्षर इकडंतिकडं असेल, तर माझं स्पष्ट मत: रेकॉर्ड बदलण्यापेक्षा आधार आणि पॅन डिस्चार्ज बुकाप्रमाणे करून घ्या. स्वतःच्या जन्मतारखेचं तर नावच काढू नका. भरतीला जी लिहिली तीच फौजेत चालते, निवृत्तीनंतर ती बदलून मिळत नाही.

बायकोचं नाव मात्र सोडू नका. लग्नाची पार्ट टू ऑर्डर माहेरच्या नावानं निघालेली, आधारवर सासरचं नाव, आणि जन्मतारीख कुठंतरी १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच टाकली. माणूस असेपर्यंत हे कुणाला दिसत नाही. तो गेल्यावर ती बाई फॅमिली पेन्शनसाठी बँकेच्या पायऱ्या झिजवते. दक्षिण सोलापुरातल्या एका काकूंचं असंच झालं होतं, आणि पाच मुलांची आई असून "मीच ती" हे त्यांना सिद्ध करावं लागलं. म्हणून हे काम नवऱ्याच्या सहीनं, तो धडधाकट असतानाच व्हावं. साधारणपणे लागतं ते असं: दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढचं प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांतली जाहिरात, एक मराठी आणि एक इंग्रजी, बायकोचं आधार-पॅन, शाळेचा दाखला असेल तर तो, आणि जोडीचा फोटो. कोर्टाच्या आवारात स्टॅम्पवाला तयार मसुदा पुढं करतो, त्यात आर्मी नंबर आणि रँक घालायला सांगा, त्याच्या मसुद्यात ते नसतात. जाहिरातीचं पूर्ण पान ठेवा, कात्रणावर तारीख राहत नाही.

दुरुस्ती मंजूर झाली की पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या. पुढं पेन्शनमध्ये ती उतरण्यासाठी रेकॉर्ड ऑफिस प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे प्रकरण पाठवतं आणि कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ निघतो. स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर आपलं प्रोफाइल उघडून नवं नाव तिथं दिसतंय का ते बघा. रेकॉर्डला दुरुस्त आणि स्पर्शवर जुनंच, असं असेल तर ऑर्डरची प्रत जोडून तिथंच विनंती टाका. पोराला सांगा, पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्येच ठेवू नको, वहीत लिही.

लेखी नकार आला, तर त्यातला नियम वाचा. बऱ्याच वेळा नकार कायमचा नसतो, कागद अपुरा असतो. नियमच आडवा येत असेल आणि तुम्हाला तो चुकीचा लावलाय असं वाटत असेल, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आपल्यासाठी आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून नकाराचं पाकीटसुद्धा फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का तारखेला उपयोगी पडतो.

नोंद आहे पण मेडल हरवलं, असं असेल तर दुरुस्तीचा अर्ज करू नका. पोलिसांत हरवल्याची नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा, आणि दुसरं मेडल पैसे भरून मिळावं म्हणून रेकॉर्ड ऑफिसला लिहा.