पॅराव्ह्यूमध्ये स्क्रिप्ट नीट चालते, पण चार्ट रिकामा येतो

पॅराव्ह्यू या डेटा चित्ररूपात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पायथॉनने चार्ट काढताना चुका दोन तऱ्हेच्या होतात. प्रॉपर्टीचं नाव चुकलं तर लगेच बोंब होते. ‘लेफ्टॲक्सिसटायटल’मधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की ॲट्रिब्यूट एरर येतो आणि टायपो टाळण्यासाठी या क्लासमध्ये नवं ॲट्रिब्यूट घालू देत नाही, असं कारणही छापून येतं. पण अवतरणचिन्हांत लिहिलेलं सिरीजचं (चार्टमधल्या एका रेघेच्या डेटाचं) नाव चुकलं, तर कुणी काही बोलत नाही. स्क्रिप्ट शेवटापर्यंत धावते, पीएनजी फाइल तयार होते, तिच्यात अक्ष असतात आणि रेघ मात्र नसते. खरा वेळ खाते ती ही मुकी चूक.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन लिपीत, कॅपिटल-स्मॉल सांभाळून लिहायची.)

आधी वेव्हलेटवर तपासा

आपला डेटा बाजूला ठेवा. वेव्हलेट हा पॅराव्ह्यूतच तयार असलेला नमुना-डेटाचा सोर्स घ्या, त्यावर प्लॉटओव्हरलाइन (एका रेघेवरच्या किमती काढणारा फिल्टर) लावा आणि क्रिएटव्ह्यूला ‘एक्सवायचार्टव्ह्यू’ हे नाव देऊन चार्ट उघडा. डीफॉल्ट वेव्हलेट तिन्ही दिशांना -१० ते १० असतो, म्हणजे २१ × २१ × २१ = ९२६१ बिंदू. रेघ एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाते, तिची लांबी ३४.६४. रेझोल्यूशन १००० असल्यामुळे रेघेवर १००१ बिंदू पडतात. ‘आरटीडेटा’ या वेव्हलेटमधल्या ॲरेची किंमत बरोबर मध्याशी, म्हणजे १७.३२ वर, २६० यायला हवी.

आडवा अक्ष ३४.६४ ऐवजी १००० पर्यंत गेला, तर ‘यूजइंडेक्सफॉरएक्सॲक्सिस’ चालू राहिलं आहे. तसंच ठेवलं तर चार्ट अंतराऐवजी बिंदूचा क्रमांक दाखवतो. ते ० करा आणि ‘एक्सॲरेनेम’मध्ये ‘आर्क_लेंग्थ’ (रेघेवरचं अंतर) द्या. हा चार्ट नीट आला, तर पॅराव्ह्यू ठीक आहे. दोष तुमच्या डेटात आहे किंवा नावांत.

नावं अंदाजाने लिहू नका

‘टूल्स’ मेनूतून ‘स्टार्ट ट्रेस’ करा (म्हणजे माउसने केलेली कामं पायथॉनमध्ये नोंदली जातात), तोच चार्ट माउसने काढा, हव्या त्या सिरीजवर खूण करा आणि ‘स्टॉप ट्रेस’ करा. ट्रेसमध्ये ‘सिरीजव्हिजिबिलिटी’पुढे जे छापून येईल, तेच खरं नाव. ते जसंच्या तसं उचला.

याची गरज का पडते, तर चार्टमधलं नाव आणि ॲरेचं नाव नेहमी एक नसतं. व्हेलॉसिटी हा व्हेक्टर असेल, तर चार्टमध्ये त्याच्या चार सिरीज होतात: ‘व्हेलॉसिटी_एक्स’, ‘_वाय’, ‘_झेड’ आणि ‘_मॅग्निट्यूड’. नुसतं ‘व्हेलॉसिटी’ लिहिलं, तर रेघ उमटत नाही. जुन्या आवृत्त्यांत हीच नावं कंसात आकडा घालून यायची, ‘व्हेलॉसिटी (०)’ अशी. त्यामुळे जुनी, तेव्हा मस्त चालणारी स्क्रिप्ट आज गुपचूप रिकामं चित्र देते. काळानुसार प्लॉट काढताना नावाला शेपूटही जोडलं जातं: आकडेवारी घेतली तर ‘(स्टॅट्स)’, एकच बिंदू निवडला तर ‘(आयडी=…)’.

सीएसव्ही फाइल असेल, तर दोन जागा पाहा. शीर्षकाच्या ओळीत कॉमानंतर स्पेस राहिली असेल, तर ती नावातही येते. आणि एखाद्या रकान्यात कुठेतरी ‘एन/ए’ असा मजकूर असेल, तर तो अख्खा रकाना आकड्यांचा न राहता मजकुराचा होतो. मग त्याची रेघ कशी निघणार? टेबल थेट चार्टमध्ये दाखवताना ‘ॲट्रिब्यूटटाइप’ हा ‘रो डेटा’ हवा. ‘पॉइंट डेटा’ राहिला, तर पुन्हा कोरा चार्ट.

नाव बरोबर असूनही रेघ मध्येच तुटत असेल, तर ज्या रेघेवर किमती काढल्या ती डेटाच्या जाळीच्या (मेशच्या) बाहेर गेली आहे. तिथल्या किमती एनएएन (म्हणजे ‘आकडा नाही’) होतात आणि ‘व्हीटीकेव्हॅलिडपॉइंटमास्क’ ० दाखवतो. टोकाचे दोन बिंदू तपासा.

रंग, लेबल, अक्ष

‘सिरीजकलर’ ही सपाट यादी असते: नाव, लाल, हिरवा, निळा, मग पुढचं नाव. आकडेसुद्धा अवतरणचिन्हांत, आणि ० ते १ मध्ये. २५५ वगैरे नाही. यातला एक आकडा गळला की पुढचं सगळं एका घराने सरकतं. ‘सिरीजलेबल’मध्येही तेच, फक्त तिथे जोड्या असतात.

अक्षाला कमाल-किमान दिलं आणि काही बदललं नाही, तर आधी ‘लेफ्टॲक्सिसयूजकस्टमरेंज’ १ करा. तो नसेल, तर दिलेल्या मर्यादा नुसत्या साठून राहतात. लॉग स्केलसाठी सगळ्या किमती शून्याच्या वर लागतात. अवशेषांक (रेसिड्युअल, म्हणजे गणितात उरलेली चूक) शून्याला टेकत असतील, तर आधी कॅल्क्युलेटर फिल्टरने ते हाताळा.

आवृत्ती आणि सर्व्हर

५.१० पासून प्लॉटओव्हरलाइनची रचना बदलली. पूर्वी ‘सोर्स’मध्ये लाइन देऊन तिचे बिंदू ठरवायचे, आता ‘पॉइंट१’ आणि ‘पॉइंट२’ थेट फिल्टरवरच असतात. ट्रेसने वर घातलेल्या ‘कम्पॅटिबिलिटी’च्या दोन ओळी फालतू समजून खोडू नका. स्क्रिप्ट कोणत्या आवृत्तीची आहे ते पॅराव्ह्यूला त्यांवरूनच कळतं.

स्क्रिप्ट पॅराव्ह्यूसोबत येणाऱ्या पीव्हीपायथॉन किंवा पीव्हीबॅचनेच चालवा. साध्या पायथॉनला पॅराव्ह्यूचं मॉड्यूल सहसा आपोआप सापडत नाही. क्लस्टरवर ‘बॅड एक्स सर्व्हर कनेक्शन’ आलं, तर तिथे डिस्प्ले नाही एवढाच अर्थ. ईजीएल किंवा ओएसमेसा (डिस्प्लेशिवाय चित्र काढण्याच्या पद्धती) वापरा.

‘सेव्हस्क्रीनशॉट’ला व्ह्यू सांगितला नाही, तर तो ॲक्टिव्ह व्ह्यूचं चित्र काढतो. म्हणून चार्टऐवजी शेजारचा त्रिमितीय व्ह्यू जतन झालेला दिसतो. चार्टचा व्ह्यू नावानिशी द्या, आणि ‘इमेजरेझोल्यूशन’ही.

अक्षांवर मराठी शीर्षक

डीफॉल्ट फाँटमध्ये देवनागरी नाही. ‘लेफ्टॲक्सिसटायटलफाँटफॅमिली’ला ‘फाइल’ करून नोटो सॅन्स देवनागरीचा पत्ता देता येतो, पण अक्षरं जुळवण्याचं काम व्हीटीके, म्हणजे पॅराव्ह्यूमागची लायब्ररी, करत नाही. ‘त्रिज्या’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात. फाँट बदलून हे सुटत नाही. शीर्षकं रिकामी ठेवा, ‘एक्सपोर्टव्ह्यू’ने एसव्हीजी काढा आणि मराठी मजकूर इंकस्केप या चित्र-संपादकात घाला.