रेल्वेतली नोकरी, कॅन्सर आणि दावा: वकिलाकडे जाण्याआधी

भाऊजींचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री मी आधी कॅलेंडर काढलं. जाऊबाई रडत होत्या आणि मी त्यांना विचारत होते की, ‘हे रेल्वेच्या कामामुळे असू शकतं’ असं डॉक्टर कोणत्या दिवशी म्हणाले? आज म्हणाले की मागच्या खेपेला? त्यांना ते कठोर वाटलं असणार. पण ह्यांच्या वेळी मला हा प्रश्न कोणीही विचारला नाही आणि त्याची भरपाई आता कशानेच होणार नाही. म्हणून ही यादी लिहिते आहे, भाऊजींसाठी आणि इथे अमेरिकेत रेल्वेत आयुष्य काढलेल्या आपल्या बाकीच्या घरांसाठी.

पहिली गोष्ट तारीख. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: आजार आणि नोकरी यांचा संबंध असू शकतो हे पहिल्यांदा कधी कळलं, कोणाकडून कळलं. त्या तारखेत तीन वर्षं मिळवा आणि तो दिवस दुसऱ्या ओळीत लिहा. त्या दिवसाच्या आत दावा कोर्टात दाखल झालेला असला पाहिजे. वकिलाशी फोनवर बोलणं झालं, रेल्वेला पत्र गेलं, याने मुदत थांबत नाही.

याचं कारण समजून घ्या. इथल्या रेल्वे कामगारांना इतर कामगारांसारखी राज्याची भरपाई योजना लागू होत नाही. त्यांच्यासाठी १९०८चा वेगळा केंद्रीय कायदा आहे, सगळे त्याला फेला म्हणतात. त्यात रेल्वेने हलगर्जी केली हे आपण दाखवायचं असतं. आजारात त्या हलगर्जीचा वाटा थोडासा असला तरी चालतो, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण मुदत तीन वर्षांची, आणि ती कडक. कॅन्सर वीस-तीस वर्षांनी उघड होतो, मग तीन वर्षं कुठून मोजायची? टॉम युरी नावाचा वाफेच्या इंजिनावरचा एक फायरमन होता. चाकांना पकड यावी म्हणून रुळांवर वाळू सोडतात, तिची धूळ सुमारे तीस वर्षं त्याच्या छातीत गेली आणि सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झाला. रेल्वे म्हणाली, मुदत कधीच संपली. १९४९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही: नकळत साठत जाणाऱ्या आजाराची मुदत तो उघड झाल्यापासून. पुढच्या निकालांनी त्यात कारणही जोडलं. म्हणजे आजार आणि त्याचं कारण, दोन्ही कळल्यापासून, किंवा चौकशी केली असती तर कळलं असतं तेव्हापासून. हा दुसरा भाग नीट वाचा. डॉक्टरांनी सांगितलं नसेल पण तुम्हाला स्वतःला दाट शंका आली होती, तर रेल्वेचा वकील तोच दिवस धरायला बघणार.

ह्यांच्या बाबतीत झालं ते असं. नोव्हेंबर २०११ मध्ये कॅन्सरच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, काम कुठे होतं? डिझेल इंजिनांच्या शॉपमध्ये, मशिनिस्ट, २९ वर्षं. ते म्हणाले, मग त्या धुराचा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा संबंध असू शकतो. इतकंच. आम्ही मान हलवली आणि ऑपरेशनची तारीख विचारली. डॉक्टरांनी ते वाक्य टिपणात लिहून ठेवलं होतं, हे आम्हाला माहीतही नव्हतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये वकिलाकडे गेलो. त्यांनी फाइल चाळली, त्या टिपणावर बोट ठेवलं आणि पेन खाली ठेवलं. तीन महिन्यांनी उशीर झाला होता. त्याच वर्षी हे गेले. वाटलं, निदान पत्नी म्हणून माझा दावा तरी उभा राहील. तोही नाही. कामगाराच्या हयातीत त्याचीच मुदत संपली असेल तर मागे राहिलेल्यांचा दावाही बुडतो, हा १९३१चा निकाल आहे. म्हणून म्हणते, तारीख लिहा. आज लिहा.

आता कामाचा इतिहास. यात वेळ घाला आणि माणूस बोलू शकतो आहे तोवर करा. ‘मशिनिस्ट, १९७४ ते २००३’ असं लिहून काहीही उपयोग नाही. कोणतं शॉप, कोणती पाळी, कोणत्या कोपऱ्यात उभं राहून काय केलं, ते हवं. शिकागोच्या थंडीत इंजिनं बंद करत नसत, कारण त्यांच्या थंडाव्याच्या पाण्यात गोठू नये म्हणून काही घातलेलं नसतं. इंजिनं तासन्‌तास चालू आणि वारा नको म्हणून शॉपचे दरवाजे बंद. ह्यांचा रुमाल घरी यायचा तो काळा. ओव्हरऑल मी बेसमेंटमध्ये झटकून मशिनमध्ये टाकायचे, धुऊन झाल्यावर तळाला काळपट साका बसलेला असायचा. हे असं लिहा. ब्रेक शू बदलताना उडणारी भुकटी, पाइपांवरचं जुनं आवरण खरवडणं, गॅस्केट घासून काढणं: यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. रुळांवर काम केलेल्यांनी खडीची धूळ आणि लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून लावलेलं क्रिओसोट लिहावं, वेल्डरांनी वेल्डिंगचा धूर. पार्ट धुवायला कोणतं सॉल्व्हंट होतं, हातमोजे मिळायचे का, मास्क कधी दिला, दिला तर कसला, धोक्याबद्दल कोणी काही सांगितलं का. हलगर्जी इथेच सिद्ध होते.

डिझेलच्या धुराबद्दल ‘नक्की काही सिद्ध नाही’ असं कोणी ऐकवलं तर दबून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये तो कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकला, अ‍ॅस्बेस्टॉस आहे त्याच गटात. अमेरिकेतल्याच सुमारे ५५ हजार रेल्वे कामगारांचा १९५९ ते १९९६ असा अभ्यास झाला. त्यात गाड्या चालवणाऱ्या कामांतल्या लोकांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त निघाले.

बरोबर काम केलेल्यांची नावं आणि फोन नंबर जमवा. तीन-चार पुरेत, पण त्यांच्याशी आत्ताच बोला, तीही माणसं आता सत्तरीपुढची आहेत. शॉपमधले जुने फोटो असतील तर मागे साल लिहून ठेवा.

वैद्यकीय कागद सगळे मागवा, फक्त डिस्चार्जचा नको. पॅथॉलॉजी रिपोर्ट, सीटीची सीडी आणि डॉक्टरांची प्रत्येक भेटीची टिपणं. ती टिपणं स्वतः वाचा! आमची तारीख तिथेच पडून होती. हॉस्पिटलला लेखी कळवा की बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) टाकून देऊ नका, पुढे तपासायला लागतील. फुप्फुसाच्या आवरणावर अ‍ॅस्बेस्टॉसच्या खुणा दिसतात का, हे सीटी पुन्हा वाचून घेताना विचारा.

सिगारेट. खरं तेच सांगा, कोणत्या वर्षी सुरू, कधी सोडली, दिवसाला किती. लपवलं तर जुन्या टिपणांत सापडतं आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही. ओढत होता म्हणून दावा बाद होत नाही, रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की धोका कित्येक पटींनी वाढतो, म्हणजे ओढणाऱ्याला तर रेल्वेने जास्तच सावध करायला हवं होतं. ह्यांनी १९८६ मध्ये सोडली होती. तरी आम्ही लाजून गप्प बसलो, वकिलाकडे जायला उशीर झाला त्यात या लाजेचाही हात होता.

सही कशावरही करू नका. रेल्वेच्या क्लेम विभागाचा माणूस घरी येईल, गोड बोलेल, जबाब रेकॉर्ड करू का म्हणेल. चहा द्या आणि वकिलाशी बोलून कळवतो म्हणा. नोकरीत असताना पाठदुखी, कानाचं असं काही मिटवलं असेल आणि पैसे घेताना कागदावर सही केली असेल तर तो कागद शोधा. पुढच्या सगळ्या आजारांचा हक्क सोडला असं त्यात लिहिलेलं असू शकतं. ते टिकतं की नाही हे कोर्ट ठरवतं, पण वकिलाला आधी कळलं पाहिजे.

रेल्वे निवृत्ती मंडळाकडून नोकरीच्या महिन्यांचा उतारा मागवा. मंडळाचं पेन्शन, अपंगत्वाचे पैसे हे वेगळं खातं आहे, त्याचा अर्ज केला म्हणजे हा दावा केला असं होत नाही. आम्ही तीच गल्लत केली होती, ‘अर्ज गेलाय की’ म्हणून निवांत बसलो आणि तारीख सरली. दाव्याचे पैसे आले तर मंडळाने दिलेला आजारपणाचा भत्ता आणि मेडिकेअरचा खर्च त्यातून परत जातो, तो हिशेब आधीच विचारून ठेवा.

वकील फेलाची कामं करणारा बघा, युनियनकडे यादी असते. फी बहुधा मिळालेल्या रकमेतून टक्केवारीने, ती लेखी घ्या. दिवाळं निघालेल्या अ‍ॅस्बेस्टॉस कंपन्यांचे भरपाईसाठीचे वेगळे निधी आहेत, त्यांच्या मुदती वेगळ्या. आयडी, इन्शुरन्स कार्ड, लग्नाचा दाखला न्यालच. पहिल्या भेटीत पहिलं वाक्य तारखेचं बोला आणि दावा दाखल झाल्याचा शिक्का असलेली प्रत हातात येईपर्यंत फोन करत राहा.

भाऊजींची तारीख आम्ही जाऊबाईंच्या फ्रिजवर लावली आहे. डॉक्टरांची टिपणं मागवली आहेत, त्या तारखेच्या आधीचं काही त्यात लिहिलेलं निघालं तर ती बदलावी लागेल. सोमवारी ती येतील, मी स्वतः बसून वाचणार आहे.