सिक्लिडच्या पैदाशीची टाकी लावण्याआधी

आधी स्पंज. सिक्लिड माशांची जोडी ठरवायच्या आधी, टाकी आणायच्याही आधी. नवा स्पंज फिल्टर आजच चालू असलेल्या जुन्या टाकीत सोडा आणि महिना-दीड महिना तिथेच बुडबुडू द्या. कोरडा स्पंज म्हणजे नुसता फोमचा तुकडा. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात नीट बसायला 4 ते 6 आठवडे घेतात. मोठे मासे थोडाफार अमोनिया सोसतात, पिल्लं सोसत नाहीत. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून ही यादी.

टाकी क्रिबेन्सिस किंवा कॉन्व्हिक्ट या लहान सिक्लिडच्या एका जोडीला 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरची पुरते. एंजलला (एंजलफिश, हाही सिक्लिडच) उंची जास्त लागते. स्टँड मजबूत हवा, हे सांगायला नको. वाळू घालू नका, उघडा तळ नळीने चटकन साफ होतो. पण तळाखाली आणि बाजूंना बाहेरून गडद कागद लावा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की नर त्याच्याशीच भांडत बसतो आणि अंडी राहतात बाजूला.

क्रिबेन्सिसला आडवी कुंडी द्या, मादी जेमतेम आत शिरेल एवढ्या तोंडाची. एंजलला तिरकी उभी केलेली स्लेट किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या म्बुना सिक्लिडना यातलं काही नको. मादी अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते, साधारण 3 आठवडे, आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. तिला शांत, वेगळी टाकी लागते आणि त्या टाकीलाही मुरलेला स्पंज. म्हणजे स्पंज दोन झाले. लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

हीटर 26 ते 28 अंशांवर. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. वीज गेली की पाणी उलटं पंपात शिरतं. जोरात ओढणारा पॉवर फिल्टर इथे नकोच, पिल्लं सरळ आत जातात. कॉन्व्हिक्टचा नर अंगावर धावून जातो, मादीला लपायला जागा आणि हाताशी जाळीचं पार्टिशन असू द्या. एंजलची जोडी तुम्ही लावू नका. 6-7 लहान मासे एकत्र वाढवा, ते आपले जुळतात.

स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली नाही! क्लोरीनने जिवाणू मरतात आणि महिनाभर मुरवलेलं दोन मिनिटांत वाहून जातं. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलिन ब्लू वापरत असाल तर अंडी वेगळ्या भांड्यात काढून वापरा, स्पंजवर ते पडता कामा नये.

एंजलची अंडी अडीच दिवसांत फुटतात, पुढचे चार-पाच दिवस पिल्लं बलकावर जगतात. ती चिकटून शेपट्या हलवत असतानाच आर्टेमियाची (पिल्लांना खायला घालायचे बारीक कोळंबीसारखे जीव) अंडी खारट पाण्यात लावा, 24 तासांनी तयार. पोहायला लागल्यावर धावपळ केली तर उपाशी मरतील.

बाकी नेहमीचंच. झाकण ठेवा. पाणी रोज थोडं बदला, त्याच तापमानाचं. आईबाप पिल्लं खायला लागले तर त्यांना काढा. मोठ्या टाकीची जागा आत्ताच बघा, कॉन्व्हिक्टची पिल्लं शेकड्याने होतात.