लंडनचा फ्लॅट विकला, टॅक्स दोनदा भरायचा का?

नाही हो. भारतात रेसिडेंट असाल तर तिकडे भरलेल्या कॅपिटल गेन टॅक्सचं (विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सचं) क्रेडिट इथे मिळतं, म्हणजे तो इथल्या टॅक्समधून वजा होतो, पण तिकडचा नि इकडचा यात जो कमी तेवढंच. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी इन्कम टॅक्स पोर्टलवर फॉर्म ६७ (हे क्रेडिट मागायचा फॉर्म) भरा, टॅक्स भरल्याची पावती जोडा, रिटर्नमध्ये शेड्यूल एफएसआय (परदेशातलं उत्पन्न) नि टीआर (तिकडे भरलेला टॅक्स) भरा. पाउंडाचा रेट गूगलवरचा नको (मी तोच टाकून बसलो होतो), टॅक्स भरला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) लागतो.

क्रेडिट नाकारलं तर इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन (चूक दुरुस्तीचा अर्ज) टाका, पण त्या नादात अपिलाचे ३० दिवस घालवू नका, नुसता फॉर्म ६७ उशिरा गेला म्हणून नाकारलेल्या बऱ्याच केसेसमध्ये इन्कम टॅक्स ट्रिब्यूनलने करदात्याचं ऐकलंय. तिकडच्याच टॅक्सवर वाद चालू असेल तर तेवढं क्रेडिट थांबतं, वाद मिटला त्या महिन्याअखेरपासून ६ महिन्यांत पुरावा द्यायचा.