शिंगं, दात आणि उंट: अ‍ॅरिस्टॉटल वाचायचा कसा?

अ‍ॅरिस्टॉटलचा ‘प्राण्यांचे अवयव’ हा ग्रंथ शिकवताना मी पहिलं पान काढतच नाही. थेट तिसऱ्या पुस्तकाचा दुसरा अध्याय. पेन्सिल घ्या, ‘कशापासून’ आणि ‘कशासाठी’ यांखाली वेगळ्या रेघा मारा. शिंगवाल्या प्राण्यांबद्दल तो म्हणतो: शिंगं बचावासाठी. शरीरातला मातकट, कठीण अंश तिकडे गेला, म्हणून वरच्या पुढच्या दातांना उरला नाही. पुढची कडी चौदाव्या अध्यायात: दात कमी, चावणं अर्धवट, म्हणून पोटं अनेक.

आता त्याच अध्यायातल्या उंटावर या, आणि इथे रेंगाळा. शिंगं नाहीत, तरी ते दात नाहीत! अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, खाणं काटेरी, लाकडासारखं; दातांपेक्षा तसं पोटच जास्त गरजेचं. उरलेला कठीण अंश टाळू टणक करायला लागतो. आजच्या प्राणिशास्त्राशी ताडून पाहायची घाई नको, ते नंतर. आधी विचारा: उंट म्हणून जगायला काय लागतं? अ‍ॅरिस्टॉटलची कारणांची साखळी तिथून सुरू होते, त्या मातकट अंशापासून नाही.