ग्राउंड क्लासच्या आधी: गणित आणि भौतिकशास्त्राची तयारी

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. कॉमर्स किंवा आर्ट्स केलेल्यांनी खचून जाऊ नये, हे दोन विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) देता येतात. मेडिकल तपासणी मात्र सगळ्यात आधी करून घ्या.

मग ग्राउंड क्लास, म्हणजे थिअरीचे वर्ग, सुरू होण्याआधी कपाटातून दहावीची पुस्तकं काढा. हो, दहावीचीच. इंटिग्रेशनवाचून विमान अडत नाही, अडतं ते तोंडी हिशेबावर. 90 नॉटने 24 मैल जायला किती मिनिटं? सोळा. हे कागदाशिवाय यायला हवं, कारण उडताना एक हात आणि अर्धं लक्ष विमानातच गुंतलेलं असतं. हा मैल नॉटिकल, म्हणजे 1,852 मीटर, आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. फूट-मीटर, किलो-पौंड, लिटर-गॅलन रोज उलटसुलट करा. इंधनाचं लिटर म्हणजे किलो नव्हे: छोट्या विमानांचं एव्हगॅस 100 लिटर घेतलं तर वजन साधारण 72 किलोच भरतं.

त्रिकोणमितीतून 30, 45, 60 अंशांचे साइन-कोसाइन पाठ हवेत. धावपट्टीशी 30 अंशांच्या कोनात 20 नॉटचा वारा असेल, तर आडवा वारा निम्मा, 10 नॉट. साठास एकचा नियमही आत्ताच शिकून घ्या: 60 मैलांत एक मैल भरकटलात तर चूक एका अंशाची. मग 30 मैलांत दोन मैल? चार अंश. नेव्हिगेशनच्या पेपरात हा नियम फार कामाला येतो, आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं) पेपरात पास व्हायला 70 टक्के लागतात.

भौतिकशास्त्रात बलाचा आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, नीट समजून घ्या. पेन्सिलीवर मोजपट्टी तोला, एका टोकाला एक रुपया ठेवा, दुसऱ्या बाजूला निम्म्या अंतरावर दोन. मागच्या सीटवरची बॅग पुढच्या सीटवर का हलवायला सांगतात, ते तिथेच कळेल. न्यूटनचे नियम, बर्नूलीचं तत्त्व, जायरोस्कोप (वेगाने फिरताना आपली दिशा धरून ठेवणारं चाक) हे वाचाच. वीज आणि चुंबकत्व नजरेखालून घातलं तरी सुरुवातीला पुरे.

हवेच्या घनतेला मात्र पूर्ण आठवडा द्या. मे महिन्यातलं नागपूर घ्या: विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 फुटांवर, पारा 45 अंशांवर. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या आदर्श हवेत, त्या उंचीला 13 अंश हवेत. हवा तापली की विरळ होते, जणू विमान आणखी उंचावर आहे. जादा 32 अंशांचे, अंशाला 120 फूट धरून, 3,840 फूट झाले, त्यात मूळचे 1,000 मिळवा. म्हणजे विमान जमिनीवर उभं असतानाच त्याच्या पंखांना आणि इंजिनाला हवा मिळते ती 4,800 फुटांवरची, आणि धावपट्टी तेवढीच असते.