ऑफर लेटरनंतरचा आय-९ फॉर्म: ओपीटीवर पहिली नोकरी करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ नोकरी करून प्रशिक्षण घेण्याच्या परवानगीवर, पहिली नोकरी मिळवणाऱ्यांना ईएडी कार्डासाठी (कामाच्या परवान्यासाठी) अर्ज कधी करायचा, आय-२० वर (विद्यापीठ देते त्या विद्यार्थी-प्रमाणपत्रावर) सही कोणाची लागते, नोकरी लागल्यावर दहा दिवसांच्या आत माहिती कुठे भरायची, हे सांगण्याची गरज नसते; विद्यापीठाचे परदेशी विद्यार्थी कार्यालय ते घोकून घेते. ज्याबद्दल कोणीच काही शिकवत नाही तो टप्पा ऑफर लेटरवर सही झाल्यानंतर येतो. तेव्हा आय-९ नावाचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरताना कंपनीचे एचआर आपल्याकडे काय मागू शकते व काय मागू शकत नाही हे ठाऊक नसेल, तर हाती आलेली नोकरी विनाकारण लोंबकळत राहते. माझी राहिली होती, म्हणून एवढे सविस्तर लिहीत आहे.

१९८६ च्या इमिग्रेशन कायद्याने अमेरिकेतल्या प्रत्येक मालकावर नव्या कर्मचाऱ्याची ओळख आणि काम करण्याची परवानगी तपासण्याचे बंधन घातले. त्यातून जन्माने अमेरिकी असलेला माणूसही सुटत नाही. या तपासणीच्या धास्तीने मालक परक्या चेहऱ्याची आणि परक्या नावाची माणसे दारातूनच परत पाठवतील, ही भीती तेव्हाच व्यक्त झाली होती, त्यामुळे त्याच कायद्यात भेदभावाविरुद्धचे कलम आले. पुढे १९९० च्या दुरुस्तीने त्यात कागदपत्रांचा विषय जोडला गेला: नागरिकत्व किंवा मूळ देश पाहून जास्तीचे कागद मागणे, अमुकच कागद हवा म्हणून अडून बसणे, किंवा वरवर खरा दिसणारा कागद नाकारणे बेकायदा ठरले. फॉर्मसोबत तीन याद्या असतात. 'ए' यादीतला एक कागद ओळख आणि परवानगी दोन्ही सिद्ध करतो. तो नसेल तर 'बी' मधला एक आणि 'सी' मधला एक द्यायचा असतो. यांपैकी काय द्यायचे ते कर्मचारी ठरवतो. ईएडी कार्ड 'ए' यादीत आहे, म्हणजे ओपीटीवरच्या माणसाने ते दाखवले की त्याचे काम संपले.

कायदा इतका सरळ असताना अडचण का येते, तर आपली घडणच वेगळी आहे. तलाठी कार्यालयापासून महाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे आपण जाड फाइल घेऊन गेलेलो असतो, प्रत्येक कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स वर ठेवून, आणि खिडकीतल्या माणसाने मागायच्या आत कागद पुढे करणे हा आपल्याकडे शहाणपणा समजला जातो. आय-९ च्या बाबतीत हाच शहाणपणा हात दाखवून अवलक्षण ठरतो, कारण जास्तीचा प्रत्येक कागद तपासणाऱ्याला एक नवी शंका पुरवतो.

मला एचआरकडून आलेल्या मेलमध्ये पासपोर्ट, त्यातले व्हिसाचे पान, आय-२०, ईएडी आणि सोशल सिक्युरिटी कार्ड या सगळ्यांचे स्कॅन मागितले होते. माझ्याच तुकडीत रुजू होणाऱ्या अमेरिकी मुलाकडे फक्त ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड मागितले होते, हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळले. माझी पीएचडी व्हिसाच्या पाच वर्षांपेक्षा लांबली होती, त्यामुळे पासपोर्टमधल्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरची तारीख उलटून गेली होती. एचआरने ते पान पाहिले आणि कळवले की तुमचा व्हिसा संपला आहे, सबब रुजू होण्याची तारीख तूर्त स्थगित करण्यात येत आहे. ईएडी कार्डावरची तारीख पुढच्या वर्षाची होती. ती कोणी वाचलीच नाही.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण अनुभवी माणसेसुद्धा इथे गोंधळतात. पासपोर्टमधला व्हिसा सीमेवर प्रवेश मागण्यापुरता असतो. आत आल्यावर किती काळ राहता येते हे आय-९४ या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर ठरते, आणि माझ्या आय-९४ वर तारखेच्या जागी 'डी/एस' अशी अक्षरे होती, म्हणजे शिक्षण आणि त्याला जोडून मंजूर झालेले प्रशिक्षण चालू असेपर्यंत मुक्काम वैध. काम करण्याची परवानगी ईएडी कार्ड देते. व्हिसाची तारीख उलटली तर एकच गोष्ट अडते: देशाबाहेर गेल्यास परत येण्यासाठी सहसा नवा व्हिसा घ्यावा लागतो. नोकरीशी तिचा काडीमात्र संबंध नाही. सीपीटीवर (शिक्षण चालू असतानाच्या प्रशिक्षणावर) किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर सहसा पासपोर्ट आणि आय-९४ (सीपीटीला आय-२० सुद्धा) दाखवावे लागतात हे खरे, पण तेव्हाही व्हिसाच्या पानाची तारीख फॉर्मवर कुठेच लिहायची नसते.

माझ्या बाबतीत हा तिढा सुटेपर्यंत ओपीटीच्या बेरोजगारीचे दिवस मोजले जात होते, आणि त्यांची एकूण मर्यादा ९० आहे. अखेर विद्यापीठातल्या सल्लागार बाईंनी एचआरच्या वरिष्ठांना पत्र लिहिले आणि मी फॉर्मचे याद्यांचे पान, ईएडीची ओळ अधोरेखित करून, त्याच मेलला जोडले. पुढच्या सोमवारी मी रुजू झाले. त्या मेलमध्ये 'भेदभाव' हा शब्द मी मुद्दाम वापरला नव्हता, आणि तुम्हीही पहिल्या मेलमध्ये वापरू नये असे माझे मत आहे. बहुतेक वेळा समोरचा माणूस दुष्ट नसतो, त्याला कोणीतरी चुकीची यादी दिलेली असते. दुसऱ्या मेलनंतरही तो अडूनच बसला, तर गोष्ट वेगळी.

सोशल सिक्युरिटी कार्डाबद्दल थोडे सांगते. एफ-१ वाल्यांना मिळणाऱ्या कार्डावर 'व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथरायझेशन' (गृहसुरक्षा खात्याची परवानगी असेल तरच कामासाठी वैध) अशी ओळ छापलेली असते, आणि ती ओळ असलेले कार्ड 'सी' यादीत चालत नाही. म्हणजे अमेरिकी मुलाचे पाहून तुम्ही लायसन्स आणि हे कार्ड पुढे केलेत, तर ते नाकारणारा एचआर बरोबर असतो. ईएडी द्या आणि मोकळे व्हा. क्रमांकच अजून आला नसेल तरी काम सुरू करता येते, हेही एचआरला शांतपणे सांगा.

आता जिथे मी मुळीच गोड बोलणार नाही ती गोष्ट. फॉर्मच्या पहिल्या भागात तुमचा दर्जा सांगणाऱ्या चार चौकटी असतात आणि तुमची चौकट शेवटची, कामाची परवानगी असलेल्या परदेशी व्यक्तीची. घाईत, किंवा 'नागरिक लिही, पटकन होईल' असे कोणी सुचवले म्हणून, पहिल्या चौकटीवर खूण कराल तर अमेरिकी नागरिक असल्याचा खोटा दावा तुमच्या नावावर लागेल, आणि त्यामुळे या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. हा भाग कोणालाही भरू देऊ नका, स्वतः भरा, सही करण्याआधी पुन्हा वाचा.

प्रत्येक नकार भेदभाव नसतो हेही मान्य केले पाहिजे. 'आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप (कंपनीने तुमच्या व्हिसासाठी अर्ज करणे) लागेल का' हा प्रश्न विचारणे कायदेशीर आहे आणि लागेल असे म्हटल्यावर नाकारणेही कायदेशीर आहे, कारण नागरिकत्वाच्या दर्जावरून होणाऱ्या भेदभावापासून मिळणारे संरक्षण नागरिक, अलीकडचे ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक यांच्यापुरतेच आहे. एफ-१ आणि एच-१बी त्यात येत नाहीत. कागदपत्रांच्या छळापासूनचे संरक्षण मात्र कामाची परवानगी असलेल्या सर्वांना आहे. मोठ्या कंपन्याही यात अडकल्या आहेत: व्हिसाधारकांसाठी राखल्यासारख्या जागांवरून फेसबुकने २०२१ मध्ये आणि ॲपलने २०२३ मध्ये न्याय खात्याशी तडजोड केली, तर स्पॉन्सरशिप लागणार नाही हे सिद्ध करा म्हणून उमेदवारांकडे अनावश्यक कागद मागितल्याबद्दल मायक्रोसॉफ्टला २०२१ मध्ये तडजोड करावी लागली. एचआर इतके बिचकून का वागते याचे एक कारण या दोन्ही बाजूंच्या प्रकरणांत आहे.

नोकरी मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सींविषयी माझे मत कडू आहे. नोकरीचा पत्ता नसताना, केवळ 'क्लायंटकडे प्रोफाइल पाठवायचे आहे' म्हणून पासपोर्ट क्रमांक, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे आणि जन्मतारीख मागणारा रिक्रूटर आपल्याच भाषेत, अगदी आपल्याच गावचा म्हणून बोलत असेल, तरी काही देऊ नका. तुमच्या वतीने अर्ज करण्याची संमती देणारा मेल त्याला पुरतो. ज्या दादांनी 'सगळेच देतात गं' असा सल्ला मला दिला होता, त्यांना स्वतःला आय-९ भरून दहा वर्षे झाली होती. मार्गदर्शक निवडायचाच असेल तर गेल्या वर्षभरात हा फॉर्म भरलेला निवडा.

नावाची गोष्ट आपल्याकडच्यांना हमखास भोवते. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचे नावही असते, ईएडी कार्डावर ते तसेच उतरते, आणि एचआर ते मधल्या नावात टाकते किंवा गाळूनच टाकते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचा घोळ याहून मोठा. कंपनी ई-व्हेरिफाय ही आय-९ ची माहिती सरकारी नोंदींशी ताडणारी ऑनलाइन यंत्रणा वापरत असेल, आणि स्टेम ओपीटीसाठी (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणाऱ्या वाढीव ओपीटीसाठी) ती वापरावीच लागते, तर माहिती जुळत नाही असा शेरा येऊ शकतो. घाबरू नका. कंपनीने ते तुम्हाला एकांतात सांगून लेखी सूचना द्यायची असते, तुम्ही दाद मागणार असे कळवल्यावर संबंधित कार्यालयाशी संपर्क साधायला सरकारी कामकाजाचे आठ दिवस मिळतात, आणि निकाल लागेपर्यंत तुम्हाला कामावरून काढता येत नाही. टाइप केलेले नाव कार्डाशी अक्षरनअक्षर ताडून पाहिले तर बहुधा ही वेळच येत नाही.

समजावूनही उपयोग झाला नाही, तर न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागात याच कामासाठी वेगळी शाखा आहे. तिच्याकडे घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करता येते आणि तिच्या हेल्पलाइनवर नाव न सांगताही बोलता येते. तक्रार केली म्हणून कंपनीने सूड उगवणे हेही स्वतंत्रपणे बेकायदा आहे.

ईएडी कार्डाची मुदत संपताना एचआर पुन्हा तपासणी करते, तेव्हा हाच प्रकार नव्याने उभा राहतो. स्टेमच्या वाढीव मुदतीचा अर्ज वेळेत केलेला असेल, तर जुने कार्ड, अर्जाची पावती आणि स्टेमची नोंद असलेला आय-२० एवढ्यावर १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. त्या वेळीही पासपोर्ट मागितला, तर याद्यांचे पान पुन्हा पाठवा.